एकच रकाना कोरा

कोरा रकाना मला सहन होत नाही. ही खोड छापखान्यात लागली. चाळीस वर्षं मी मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांचा राग ओढवून घेणारा पगारी माणूस. बँकेचा अर्ज असो की रक्ततपासणीचा, समोर आला की मी तो शेवटच्या ओळीपर्यंत भरतो. ‘लागू असल्यास’ असं छापलेलं असलं तरी काहीतरी लागू करून भरतोच. आमची सिस्टर म्हणते, तुम्ही गेल्यावर कोणी अर्ज पुढे केला तर उठून भराल. सिस्टर म्हणजे माझी बायको. इस्पितळात मुख्य परिचारिका होती, तेव्हापासून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते आणि मीही. तर या खोडीपायी एका म्हाताऱ्याचा पत्ता मी त्याच्या वैऱ्याच्या हातात दिला. कसा दिला ते क्रमाने सांगतो, कारण दुसरं काही आता माझ्या हातात उरलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर लोक बागेतल्या बाकांवर जाऊन बसतात. मी संगणकापुढे बसलो. खिडकीशी धुण्याचं मशीन आहे, त्याला खेटून माझं टेबल. मशीन फिरायला लागलं की माझी अक्षरंही थरथरतात, पण जागा तेवढीच आहे. इंटरनेटवर एक मोफत ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहावं आणि कोणीही सुधारावं. खरं नाव लागत नाही, टोपणनाव चालतं. छापखान्यात शिशाच्या अक्षराला खिळा म्हणायचे, म्हणून मी ‘जुना खिळा’ झालो. तिथला नियम एकच, पण कडक: प्रत्येक वाक्याला छापील संदर्भ हवा. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं चालत नाही. हा नियम मला फार आवडला. मी जन्मभर छापलेल्या अक्षरांवर जगलेला माणूस.

मी एक दिग्दर्शक निवडला. पाच चित्रपट करून नाहीसा झालेला. पाचव्या चित्रपटात आगीचं दृश्य होतं. कापडाच्या गोदामाचा देखावा उभारून त्याला खरी आग लावली आणि गर्दीतली म्हणून आत उभी केलेली सात माणसं गुदमरून मेली. खटला चालला. गोदामाचं दार उघडं होतं, घाबरलेली माणसं चुकीच्या बाजूला पळाली, असं न्यायालयात ठरलं आणि दिग्दर्शक निर्दोष सुटला. चित्रपट पुरा झालाच नाही. त्यानंतर पंचवीस वर्षं हा माणूस कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं.

दीड वर्ष खपून मी तो लेख उभा केला. ज्ञानकोशात चांगल्या लेखाच्या कोपऱ्यात एक छोटा तारा लावतात. मला तो तारा हवा होता. खोटं कशाला बोलू, फार हवा होता. त्यासाठी सहकारी तपासणी होते, म्हणजे दुसरा एखादा लेखक तुमचा लेख वाचून चर्चेच्या पानावर एकेक दोष मांडतो आणि तुम्ही तो दुरुस्त करायचा. तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. मग एक जण आला. टोपणनाव ‘मोजपट्टी’.

त्याने चौदा मुद्दे काढले. पहिले पाचसहा वाचून माझं डोकं सणकलं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं, पण माझ्या काढलेल्या मला खपत नाहीत. कोण हा टिकोजीराव, म्हणून मी कपाटातली कात्रणं काढून बसलो, तर त्याचंच बरोबर निघालं. दुसऱ्या चित्रपटाचं छायाचित्रण दोघांनी केलं होतं, मी एकच नाव दिलं होतं. तिसऱ्याचं साल एकाने चुकलं होतं. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ‘कृपया पाहावे’. इतका अदबशीर माणूस मला छापखान्यातही भेटला नव्हता.

नववा मुद्दा वेगळा होता. ‘मृतांची संख्या सात दिली आहे. त्या दिवशी आत एक मुलगीही होती, सहा वर्षांची. आईबरोबर आली होती, त्यामुळे हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. कृपया आठ करावे.’

मी लिहिलं, ‘संदर्भ?’

‘छापील नाही,’ त्याने लिहिलं.

‘मग सातच,’ मी लिहिलं. नियमाने वागल्याचं मला समाधान वाटलं, हेही सांगून टाकतो.

‘ठीक आहे. नियम तो नियम,’ एवढंच उत्तर आलं.

अकरावा मुद्दा गोदामाच्या दाराचा होता. दार उघडं होतं या वाक्याला फक्त निकालपत्राचा आधार आहे, कृपया पुन्हा पाहावे. मी निकालपत्राचं एकेचाळिसावं पान पुन्हा पाहिलं. ‘दार उघडे होते’ असंच होतं. वाक्य तसंच ठेवलं.

आणि चौदावा. ‘व्यक्तीची सद्यस्थिती नाही. अलीकडचे छायाचित्र नाही. चौकटीतले दोन रकाने कोरे आहेत, निवास आणि मृत्यू. कृपया पाहावे.’

लेखाच्या बाजूला एक चौकट असते. तीत जन्म, चित्रपट, निवास, मृत्यू असे रकाने असतात. ते दोन कोरे रकाने दीड वर्ष माझ्या डोळ्यांत सलत होतेच. त्याने बरोबर त्यावर बोट ठेवलं.

सिस्टर कपडे वाळत घालायला निघाली होती. माझ्या खांद्यावरून तिने वाचलं.

“अहो, हा लेख तपासतोय की माणूस?”

“तुला नाही कळायचं. याला चिकित्सा म्हणतात.”

“चिकित्सा मी पस्तीस वर्षं पाहिली आहे,” ती म्हणाली. “नातेवाईक नसताना कोणी रोज येऊन विचारायला लागलं, अमका कोणत्या खोलीत आहे, की आम्ही आधी त्यालाच विचारायचो, तू कोण.”

मी काही विचारलं नाही. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं होतं आणि वरून हवा छान लागत होती.

माणूस सापडला तो छापखान्यामुळेच. चित्रपटांवरचं एक मासिक आमच्याकडे छापलं जायचं, अजूनही जातं. वर्गणीदारांच्या वेष्टनांवर पत्ते चिकटवणारा माझा जुना सोबती तिथेच आहे. त्याच्याकडे बसलो असताना एका वेष्टनावर नजर गेली. वर्गणीदाराचं नाव म्हणजे दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटातल्या नायकाचं नाव, जसंच्या तसं. पत्ता एका लांबच्या गावातल्या चावीच्या दुकानाचा. मी पत्ता वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

सहा तास लागले. पाण्याच्या टाकीसमोर एक अरुंद गल्ली, तीत तिसरं दुकान. आत एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे झुबके, टेबलाला जखडलेला पकडा, त्यात एक चावी आणि तिच्यावर कानस चालवणारा वाळका म्हातारा. मी माझं टोपणनाव सांगितलं, लेखाचं सांगितलं. त्याने कानस खाली ठेवली नाही. आधी चावी पुरी केली, कुलपात घालून पाहिली, मग म्हणाला, “एकटेच आलात?”

“एकटाच.”

मग त्याने मला स्टूल दिलं, समोरून चहा मागवला. मी लेख छापून नेला होता, तो त्याने चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून सगळा वाचला.

“मेहनत आहे,” तो म्हणाला. “एक वाक्य सोडलं तर सगळं बरोबर आहे.”

“कोणतं वाक्य?”

“राहू द्या. तुमच्याकडे त्याला छापील आधार असेल.” त्याने कागद परत दिले. “तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. फक्त मी कुठे आहे ते नको. एवढा शब्द द्या.”

मी शब्द दिला. मग भीत भीत फोटोचं विचारलं. त्याने नकार दिला नाही. कानस हातात घेऊन चाव्यांच्या भिंतीपुढे बसला आणि कसं उभं राहिलं तर उजेड बरा येईल ते मलाच सांगितलं. निघताना दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर मी वहीत लिहिला, कारण तो तिथे होता.

लेखात निवासाचा रकाना मी कोराच ठेवला. माझ्या मानाने हा मोठा त्याग होता. फोटो मात्र ज्ञानकोशात वेगळा चढवावा लागतो आणि त्याचा वेगळा अर्ज असतो. फोटो कोणी काढला, कधी काढला, कशाचा आहे, कुठे काढला. शेवटच्या रकान्यापुढे ‘ऐच्छिक’ असं होतं. मला शब्द आठवला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आठवला होता. मी मनाशी म्हटलं, शब्द दिला तो लेखापुरता, फोटोचं पान कोण उघडून बघतो. आणि मी गावाचं नाव लिहिलं, पाण्याची टाकी लिहिली, गल्ली लिहिली, तिसरं दुकान लिहिलं. सोमवारची गोष्ट.

गुरुवारी दुपारी लेखाला तारा लागला. मोजपट्टीने शेवटचा शेरा मारला होता: ‘सर्व मुद्दे पूर्ण. लेखकाचे आभार. आता एकच रकाना कोरा आहे.’

मी सिस्टरला हाक मारली. तिने ताऱ्याकडे पाहिलं, शेरा वाचला आणि विचारलं, “रकाने दोन होते ना?”

“दोनच आहेत. निवासाचा मी भरलेला नाही.”

“मग हा एक का म्हणतो?”

तिने खुर्ची ओढली. “त्याने आणखी कोणाकोणाचे लेख तपासले ते दिसतं का यात?”

दिसतं. ज्ञानकोशात प्रत्येकाच्या कामाची यादी असते आणि ती कोणालाही उघडता येते. मी ती आधी कधी उघडली नव्हती, कारण मला माझ्या कौतुकाशी मतलब होता. मोजपट्टीने तीन वर्षांत चारच लेख तपासले होते. एक छायाचित्रकाराचा, एक निर्मात्याचा, एक नेपथ्यकाराचा आणि चौथा माझा. चौघांनी मिळून एकच चित्रपट केला होता, तो जळालेला.

तिन्ही लेखांत त्याचा शेवटचा मुद्दा तोच होता, अलीकडचे छायाचित्र नाही, कृपया पाहावे. तिन्ही लेखकांनी कुठून कुठून फोटो मिळवून चढवले होते. त्यानंतर छायाचित्रकार महिन्याभरात गच्चीवरून पडला. निर्माता घरात मेलेला सापडला. नेपथ्यकार तलावाकाठी फिरायला गेला तो दोन दिवसांनी पाण्यावर आला. खाली वर्तमानपत्रांचे संदर्भ व्यवस्थित जोडलेले होते. म्हातारी माणसं, कोणाला काय शंका येणार. ज्ञानकोशात प्रत्येक बदलापुढे किती अक्षरं वाढली, किती घटली याचा आकडा पडतो. तिन्ही लेखांत मोजपट्टीचा शेवटचा बदल सारखाच होता: अधिक दहा. मृत्यूच्या रकान्यात भरलेली तारीख.

“फोटोच्या अर्जात तुम्ही काय भरलंत?” सिस्टरने विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझी उत्तरं लागत नाहीत. ती एवढंच म्हणाली, “फोन लावा त्यांना.”

मी आधी फोटोच्या पानावरचा पत्ता पुसला. हात थरथरत होते आणि मशीन तर बंद होतं. पण तिथे पुसलेलं जात नाही. जुनी प्रत मागे राहते आणि काय पुसलं तेही दिसतं. मग वही काढून नंबर लावला. तीनचा सुमार होता. बराच वेळ घंटी वाजली. उचलल्यावर मी म्हणालो, जुना खिळा बोलतोय.

“बरं झालं फोन केलात,” दिग्दर्शकाचा आवाज आला, अगदी शांत. “तुमचे तपासनीस आलेत. समोरच बसलेत.”

“अहो, दुकानातून बाहेर पडा. आत्ताच्या आत्ता.”

“शटर त्यांनी ओढून घेतलंय. आतून कुलूप घातलंय. माझंच कुलूप आहे, चांगलं आहे. घाबरू नका. बाकीचे तिघे कसे गेले ते मी मासिकात वाचलं होतं. तुम्ही आलात त्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्हीच ते. म्हणून विचारलं, एकटेच आलात का. तुम्ही फोटो काढून निघून गेलात तेव्हा कळलं, अजून कोणीतरी यायचंय.”

“मी पोलिसांना कळवतो.”

“कळवा. त्याआधी ते एक वाक्य घ्या. कागद आहे का जवळ? दार उघडं नव्हतं. बाहेरून कडी होती. धूर झाला की माणसं बाहेर पळायची आणि दृश्य वाया जायचं. दोनदा गेलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, कडी घाला. छायाचित्रकाराने ऐकलं, निर्मात्याने ऐकलं, नेपथ्यकाराने घातली. न्यायालयात चौघांनी एकच सांगितलं.”

“आणि ती मुलगी?”

“होती. सकाळी तिने माझ्याकडे पाणी मागितलं होतं.”

यावर मी काय बोललो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. जिभेला सवय. मी म्हणालो, “याला छापील संदर्भ नाही.”

तो हसला, कोरडं. “हेही तेच म्हणाले. म्हणून माझ्याकडून लिहून घेतायत. सही, तारीख, सगळं.”

फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला. मग एक आवाज आला, साठीच्या पुढचा, मऊ. “नमस्कार खिळेसाहेब. मी मोजपट्टी. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही नियमाने गेलात.”

“तुम्ही कोण आहात?”

“शिंपी आहे. त्या चित्रपटातल्या गर्दीचे कपडे मी शिवले होते. बायकोला तिथे एक दिवसाचं काम मिळालं, पोरगी मागे लागली म्हणून तिलाही पाठवली. बरी दिसावी म्हणून तिचा फ्रॉकही त्याच कापडातला शिवला. माप अजून माझ्याकडे आहे. तिचा पुरावा तेवढाच होता आणि तो छापील नव्हता. तुमचं काम नेटकं असतं. बाकीच्यांनी ठिकाणाचा रकाना अर्धाच भरला होता, मला महिना महिना हिंडावं लागलं. तुम्ही दुकान कितवं तेसुद्धा लिहिलंत.”

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर नुसता वाजत राहिला.

त्या गावच्या पोलीस ठाण्याचा नंबर सिस्टरने शोधला. मी बोलायला लागलो तर मला धड सांगता येईना, म्हणून तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि रुग्णाची माहिती द्यावी तसं थोडक्यात सगळं सांगितलं. पलीकडच्याने विचारलं, संशयिताचं नाव काय. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मोजपट्टी. ते तिने तसंच सांगितलं. पलीकडचा म्हणाला, गाडी बाहेर गेली आहे, आली की पाठवतो. तिने दर वीस मिनिटांनी फोन केला. गाडी यायची होती.

मी लेखाचं पान उघडून बसलो. चौकटीत जन्माची तारीख होती, पाच चित्रपट होते, आणि खाली मृत्यू, त्यापुढे कोरी जागा. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या रकान्याकडे बघून म्हणत होतो, असाच राहा. सिस्टर माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी पहिला बदल आला. मोजपट्टीचा. आगीच्या परिच्छेदात ‘दार उघडे होते’ खोडून ‘दाराला बाहेरून कडी होती’ केलं होतं. ‘सात’चे ‘आठ’ केले होते. दोन अक्षरांच्या जागी दोनच अक्षरं. खाली नवी तळटीप होती आणि तिला एका कागदाचा फोटो जोडलेला. दिग्दर्शकाचं सुवाच्य अक्षर, खाली सही. त्या फोटोचा अर्ज मी उघडला. कोणी, कधी, कशाचा, कुठे. एकही रकाना सोडलेला नव्हता.

सिस्टरने पुन्हा पोलीस ठाण्याचा नंबर फिरवला. गाडी आली होती, निघाली होती, पोचतच असेल, असं तिकडून सांगत होते. ते मला तिच्या कानाजवळूनही ऐकू येत होतं.

सहा एकावन्नला दुसरा बदल आला. सिस्टर म्हणाली, “उघडा, काय आहे बघू.” मी उघडला नाही. बदलापुढे आकडा पडला होता, अधिक दहा. चाळीस वर्षं मी अक्षरं मोजली आहेत. तारखेला दहाच लागतात.